जुना लावू की नवा? भुतं पकडणाऱ्यांच्या दोन सिनेमांचा हिशेब

आतेभावाचा फोन आला. साकोलीच्या अलीकडे त्याचं गाव. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, सगळे पाहुणे त्याच्याकडे जमणार आहेत. एका रात्री गावात खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, दुसऱ्या रात्री अंगणात घरच्यांपुरता सिनेमा. "मागच्या साली तू ते भुतं पकडनाऱ्यायचे दोन्ही पिच्चर दाखोले होते ना? मले एकच लावाचा आहे. कोनता लावू?"

मी एका शब्दात सांगितलं. त्यानं लगेच विचारलं, "काहून?"

त्या 'काहून'चं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून हे लिहितोय. तुमच्याकडेही एकच रात्र, एकच चादर आणि आजीपासून नातवापर्यंतचा गोतावळा असेल, तर तुमच्याही कामाला येईल.

आधी घोळ कशाचा आहे ते सांगतो, कारण आमच्याकडे सुरुवातच त्या घोळानं झाली. दोन्ही सिनेमांचं नाव 'घोस्टबस्टर्स'च. पहिला जून १९८४ मध्ये अमेरिकेत आला. दिग्दर्शक आयव्हन राइटमन. लिहिला डॅन ॲक्रॉइड आणि हॅरॉल्ड रॅमिस यांनी, आणि दोघंही त्यात आहेत. त्यांच्या जोडीला बिल मरे. विद्यापीठानं हाकललेले हे तीन संशोधक न्यूयॉर्कात भुतं पकडायचं दुकान टाकतात. काम वाढल्यावर चौथा गडी, अर्नी हडसन, नोकरी मागायला येतो. दुसरा सिनेमा जुलै २०१६ चा, दिग्दर्शक पॉल फीग. तो पुढचा भाग नाही. जुन्यात घडलेलं काही घडलंच नाही असं धरून तो कोरी पाटी घेऊन बसतो. इथे भुतं पकडायला चौघी बाया आहेत: मेलिसा मॅकार्थी, क्रिस्टन विग, केट मॅकिनन आणि लेस्ली जोन्स.

मागच्या हिवाळ्यात आमचं धान चुरून झालं होतं, अंगणाच्या कडेला तनसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग, दोन ठिकाणी शेकोट्या. पुतण्यानं नागपूरहून मित्राचा प्रोजेक्टर आणला. मी त्याला जुना लावायला सांगितलं होतं. त्यानं नाव टाकलं, पहिला आला तो भाड्यानं घेतला, आणि चादरीवर चकचकीत नवा सिनेमा सुरू झाला. माझ्या ध्यानात येईपर्यंत पोट्टे मांडी ठोकून बसले होते. आता बंद करा म्हणणारा मीच भूत ठरलो असतो. त्यामुळे पहिल्या रात्री नवा आणि दुसऱ्या रात्री जुना, असा उलटा क्रम झाला. आज वाटतं, बरं झालं. लोक ताजे, उत्साह ताजा, जुन्याची कोणाला आठवण नाही. नव्याला यापेक्षा सोपी परीक्षा मिळाली नसती.

तेव्हा पहिला सल्ला हा की नावावर जाऊ नका, साल बघा.

दुसरी गोष्ट, सिनेमे इंग्रजीत होते. आमच्या अंगणातल्या निम्म्यांना इंग्रजी येत नाही आणि खालची अक्षरं चादरीच्या सुरकुत्यांत जातात. म्हणून मी स्पीकरच्या बाजूला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलो आणि जमेल तसं मराठीत सांगत गेलो. मी काही समीक्षक नाही. पण दोन रात्री ओळीनं दुभाष्याचं काम केलं की कोणता सिनेमा कशावर उभा आहे ते घशाला कळतं.

नव्या सिनेमात माझा घसा पहिल्या अर्ध्या तासातच बसला. चौघी सतत बोलतात. एक काहीतरी म्हणते, दुसरी त्यावर कडी करते, तिसरी त्या कडीवर कडी. प्रसंग तिथेच थांबलेला असतो आणि बोलणं मात्र पुढे पुढे जातं. ते इंग्रजीत कानाला कधी गंमतशीर लागतही असेल. पण मी एक वाक्य मराठीत आणेस्तोवर तीन वाक्यं निघून जायची, आणि आणलेल्या वाक्यावर कोणी हसायचं नाही, कारण त्यात घडत काहीच नव्हतं. चिनी हॉटेलातून मागवलेल्या सुपात वडे किती कमी येतात, यावर परत परत विनोद आहे. मी तो दोनदा सांगितला. तिसऱ्यांदा गप्प बसलो. काकूनं विचारलं, "आता का म्हनली ते?" मी म्हटलं, "मघाचंच."

जुन्यात उलट झालं. मला फार बोलावंच लागलं नाही. बिल मरेचं बोलणंही तसं तिरकस, बरंचसं आयत्या वेळी सुचलेलं म्हणतात. पण तो काय म्हणाला हे कळलं नाही तरी त्याचा चेहरा कळतो. चौकात उभा राहून सगळ्या गावाची टिंगल करणारा, कामाच्या वेळी खिशात हात घालणारा असा एक माणूस आपल्याकडे प्रत्येक गावात असतो. पोट्ट्यांनी त्याला आमच्या गावातल्या एकाचं नावही देऊन टाकलं. ते इथे लिहीत नाही.

एक प्रसंग दोन्ही सिनेमांत जवळजवळ सारखा आहे, त्यामुळे तोलायला सोपा. पहिलंवहिलं भूत. जुन्यात न्यूयॉर्कच्या मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरात एक म्हातारी, अर्धी पारदर्शक, हवेत तरंगत पुस्तक वाचते आहे. तिघं दबकत पुढे जातात. आपण काय करणार आहोत हे एकालाही ठाऊक नसतं. मग ॲक्रॉइड मोठ्या आत्मविश्वासानं सांगतो, माझ्याकडे योजना आहे, मी सांगतो तसं करा. आणि योजना काय, तर धरा तिला! म्हातारी एकदम हडळ होते आणि तिघं धूम पळतात. मी फक्त "धरा तिला" एवढंच म्हटलं आणि अंगण फुटलं. आमच्याकडे रानडुक्कर धानात शिरल्यावर रात्री टॉर्च घेऊन जाणाऱ्यांची योजना साधारण एवढीच असते.

नव्यात जुन्या वाड्याच्या तळघरातून एका तरुण बाईचं भूत वर येतं. देखणं आहे. क्रिस्टन विग भारावून पुढे जाते, बोलायला लागते, आणि भूत तिच्या अंगावर हिरव्या चिकट पाण्याची भलीमोठी ओकारी करतं. पोट्टे हसले, जोरात हसले. मोठ्यांनी "शी" केलं. इथवर बरोबरी धरा. पण पुढे पाहा. जुन्यात तिघं पळाल्यानंतर त्यांची नोकरी जाते आणि गोष्ट खड्ड्यात पडते, म्हणजे पुढे जाते. नव्यात त्या रस्त्यावर येऊन आनंदानं ओरडतात, त्याचा व्हिडिओ निघतो आणि त्यांच्याही नोकऱ्या जातात. पण त्या नोकऱ्या गेल्याचं दुःख सिनेमालाच नाही. दोन मिनिटांत पुन्हा कोट्या सुरू.

आता माझा खरा मुद्दा. तो पैशाचा आहे.

जुना सिनेमा भुतांचा नाहीच मुळी, तो धंद्याचा आहे. नोकरी गेल्यावर ॲक्रॉइड आईबापानं मागे ठेवलेलं घर गहाण टाकतो. बँकेतून बाहेर पडताना तो बिल मरेला म्हणतो, अरे १९ टक्के व्याज, घासाघीससुद्धा केली नाहीस? आणि रॅमिस, जो हिशेबाचा गडी, तिथल्या तिथे सांगतो की पहिल्या पाच वर्षांचं नुसतं व्याजच ९५ हजार डॉलर होतं. हे काही लेखकांनी हवेतून आणलेलं नव्हतं. ऑक्टोबर १९८१ मध्ये अमेरिकेत घरकर्जाचा दर १८ टक्क्यांच्या वर गेला होता. पण आमच्या अंगणाला ते सांगायची गरजच पडली नाही. मी नुसतं "घर गहाण, १९ टक्के" म्हटलं आणि मागच्या खाटेवरून मोठे काका बोलले, "बुडला." सिनेमा सुरू होऊन अर्धा तासही झाला नव्हता आणि शेतकरी माणसं न्यूयॉर्कच्या तीन बेरोजगारांची काळजी करत होती.

मग ते एक मोडकं अग्निशमन केंद्र घेतात. (बाहेरून दिसतं ते केंद्र न्यूयॉर्कात खरंच आहे आणि चालू आहे.) १९५९ सालची कॅडिलॅक घेतात, तीही दुरुस्तीला आलेली. गिऱ्हाईक येत नाही. डब्यातले शेवटचे पैसे चिनी जेवणावर जातात. आणि मग हॉटेलातून पहिलं बोलावणं. तिघं पाठीला यंत्र लावून निघतात, आणि ते यंत्र पाहून चादरीपुढून एकदम पाच-सहा आवाज: "हा तं फवारनीचा पंप आहे!" खरंच आहे. पाठीवर टाकी, हातात नळी, नळीच्या टोकाला काय निघेल याचा भरवसा नाही. दोन्ही सिनेमांत तेच यंत्र, पण पहिल्या रात्री हे कोणाला सुचलं नव्हतं. नव्यातली यंत्रं चमकतात, फिरतात, त्यांना दिवे आहेत. जुन्यातली घामाघूम माणसाच्या पाठीवर जड वाटतात. बेल्ट खांद्यात रुततो ते दिसतं.

त्या हॉटेलात ते एक हिरवं खादाड भूत पकडतात, पण तोवर मेजवानीच्या दिवाणखान्याचा पार चुराडा. झुंबर खाली, टेबलं जळालेली. आणि बाहेर येऊन बिल किती, तर पकडायचे चार हजार आणि साठवणुकीचे वर एक हजार. मॅनेजर म्हणतो देणार नाही. बरं, हे म्हणतात, मग भूत परत आत सोडतो. मॅनेजर देतो.

अख्ख्या दोन रात्रींतलं सर्वांत मोठं हसू इथे पडलं. माझ्या शेजारी बसलेला गडी मोटारपंप दुरुस्त करतो. तो हसता हसता पुढे वाकला आणि म्हणाला, "आपनबी असंच कराले पायजे जी. नाई देत? तं पुन्हा जाळतो मोटार."

आता नव्यात पैसा कुठे आहे ते बघा. चौघी तेच अग्निशमन केंद्र भाड्यानं घ्यायला जातात, महिन्याचं भाडं २१ हजार डॉलर ऐकून परत फिरतात आणि चिनी हॉटेलच्या माडीवर बसतात. सुरुवात चांगली आहे. पण यानंतर धंदा असा होतच नाही. एक भूत धड पकडलं जातं, तेही गाण्याच्या कार्यक्रमात, आणि एका शंकेखोराला दाखवायच्या नादात ते सोडून दिलं जातं. बिल नाही, गिऱ्हाईक नाही, उधारी नाही. महापौराची माणसं चारचौघांत त्यांना खोटं ठरवतात आणि आतून पाठीवर थाप मारतात. शेवटी महापौराकडूनच गुपचूप पैसा मिळतो आणि त्यात ते केंद्रही येतं. जुने कर्जावर उभे होते, नव्या अनुदानावर. ज्याचं घर गहाण आहे त्याच्या फजितीवर आपण हसतो तेव्हा पोटात थोडा गोळाही असतो. नव्यात तो गोळा कधी आलाच नाही.

खलनायकांचंही तसंच. जुन्यात प्राचीन देवता वगैरे आहे, पण लोकांनी दात-ओठ खाल्ले ते पर्यावरण खात्याच्या साहेबावर. तो कागद घेऊन येतो, भुतं कोंडलेल्या यंत्राची लाइन बंद करायला लावतो, आणि सगळी भुतं शहरभर सुटतात. लाइन कापायला आलेला माणूस कसा उभा राहतो हे आम्हाला समजावून सांगावं लागत नाही. मात्र एक गंमत अशी की त्या साहेबाचं म्हणणं तसं बरोबर आहे. परवाना नसलेलं अणुयंत्र भर वस्तीत चालवणाऱ्यांची चौकशी कोणीतरी करायलाच हवी. नव्यातला खलनायक हॉटेलात झाडलोट करणारा, लोकांनी छळलेला, म्हणून जगावर सूड घ्यायला निघालेला. एवढंच. त्याची भीतीही वाटली नाही आणि कीवही आली नाही.

शेवटचा राक्षस बघा. जुन्यात देवता म्हणते, तुमच्या मनात जे रूप येईल ते घेऊन मी तुमचा नाश करीन. सगळे मन कोरं ठेवतात, आणि ॲक्रॉइडच्या मनात लहानपणीचा साखरेच्या मऊ मिठाईचा बाहुला येतो. मग शंभर फुटी गोड हसरा बाहुला शहर तुडवत येतो. मार्शमॅलो म्हणजे काय ते सांगताना मी "बत्ताशासारखं, पण रबरी" असं काहीतरी म्हटलं. तो बाहुला म्हणजे फुगीर पोशाखातला माणूस, छोट्या छोट्या बनवलेल्या रस्त्यांवरून चालणारा. हे कळलं तरी मजा जात नाही, कारण तो एका माणसाच्या बालपणातून निघालेला आहे. नव्यात राक्षस कोण होतो? सिनेमाच्या पाटीवरचं भुताचं चित्र. जाहिरातीतलं चित्र फुगवून समोर उभं केलं की त्यात हसायचं काय आणि भ्यायचं काय?

हे असं का झालं याचं सर्वांत नेमकं उत्तर माझ्या मामांनी दिलं. मामांनी तरुणपणी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत विनोदी कामं केली आहेत. दिवाळी झाली की वडशाच्या मंडळ्यांची नाटकं गावोगाव, रात्रभर. रात्री दोन वाजता डुलक्या घेणाऱ्या हजार माणसांना हसवायचं कसं हे ज्याला येतं, त्याचं मत मी वाचलेल्या चार लेखांपेक्षा वर धरतो. पहिल्या रात्री नवा संपल्यावर मामा बिडी पेटवत म्हणाले, "चौघीबी कॉमेडी करून रायल्या. बाकीचेबी कॉमेडीच करून रायले. तं ज्याच्याकडं पाहून हसाचं तो कोठी गेला?"

मामांच्या नाटकात विनोदी नटाच्या समोर एक गंभीर पाटील लागतो. पाटील हसला की विनोद मेला. जुन्यात सिगूर्नी वीव्हर ही ती पाटील आहे. तिच्या ओट्यावर ठेवलेली अंडी आपोआप फुटून तिथेच तळू लागतात, फ्रिज उघडला तर आत फ्रिज नाही, भलतंच जग आहे. ती हे सगळं एखाद्या भयपटात असल्यासारखं भिऊन करते. खुर्चीतून हात बाहेर येऊन तिला धरतात तेव्हा आमच्या अंगणातल्या बाया गप्प झाल्या होत्या, एका पोरानं आजीचा पदर धरला होता. त्या भीतीला टेकूनच बिल मरेचा चावटपणा उभा राहतो. ॲक्रॉइडही तसाच. त्याचे पणजोबा परलोकातल्या आत्म्यांशी बोलायच्या बैठका घ्यायचे, घरात तो विषय पिढ्यांचा. त्यामुळे त्याचं पात्र भुतांबद्दल बोलतं ते पोरकट उत्साहानं पण खऱ्या श्रद्धेनं. त्यात टिंगल नाही.

एवढं झोडपल्यावर नव्याची बाजूही मांडायला हवी, आणि ती काही उपकार म्हणून नाही.

सिनेमा फसला तो बायका घेतल्यामुळे, हे मला मान्य नाही. २०१६ च्या मार्चमध्ये त्याचा ट्रेलर आला तेव्हा यूट्यूबवर नापसंतीचा पाऊस पडला, पुढे जुलैत लेस्ली जोन्सला तर ट्विटरवर इतकी घाण शिवीगाळ झाली की तिनं काही काळ ते सोडलं. सिनेमा पाहायच्या आधीच लोकांचं ठरलं होतं. समीक्षकांनी त्याला एवढं वाईट म्हटलंही नव्हतं. आमच्या अंगणात तर बाया भुतं पकडतात याचं कोणालाच नवल वाटलं नाही. घरात कोणाला बाहेरचं काही लागलं तर मीठ-मिरच्या घेऊन पुढे होते ती आजीच. उलट केट मॅकिननचं पात्र, ते विक्षिप्त यंत्रवालं, पुतण्याच्या अकरा वर्षांच्या पोरीला इतकं आवडलं की शेवटच्या मारामारीत दोन हातांत दोन पिस्तुलं घेऊन ती भुतांचा फडशा पाडते तेव्हा ही पोरगी उठून उभी राहिली होती. जुन्यात तिला उभं राहायला लावणारं कोणी नाही. जुन्यातल्या बाया एक तर झपाटल्या जातात किंवा फोन उचलतात.

ख्रिस हेम्सवर्थचा बिनडोक रिसेप्शनिस्टही चालला. त्याच्या चष्म्याला काचाच नाहीत, तो मधूनच बोट आत घालून डोळा खाजवतो. याला भाषांतर लागलं नाही, आणि म्हणूनच आमच्याकडे तो हिट. नव्यात जिथे जिथे अंगानं विनोद केलाय तिथे तिथे लोक हसले, हेही लिहून ठेवतो.

चादरीवर दिसण्याच्या बाबतीत नवा पुढे. भुतं निळी-हिरवी, लख्ख. आमचा प्रोजेक्टर मरतुकडा, त्यात शेकोटीचा उजेड. जुन्यातले रात्रीचे काही प्रसंग काळ्या डागांसारखे दिसले. तुमच्याकडे प्रोजेक्टर हलका असेल तर जुना लावताना शेकोटी लांब करा.

घरच्यांसोबत बघायचं म्हणून दोन सूचना. जुन्यात सिगारेटी फार, आणि मध्यावर एका भुतणीचा क्षणभराचा चावट प्रसंग आहे. तिथे मी मुद्दाम चहाची हाळी दिली. बिल मरेचं पात्र सुरुवातीला विद्यार्थिनीच्या मागे लागतं तेही आज खटकतं. नव्यात तसलं काही नाही, पण सुरुवातीलाच पादण्याचा विनोद आहे, तो पोट्ट्यांनी आठवडाभर वापरला.

आणखी एक गोष्ट मला दोन्हींत बोचली. जुन्यात तिघं शास्त्रज्ञ आणि चौथा कृष्णवर्णीय माणूस साधा नोकरदार, तोही उशिरा आलेला. नव्यात तिघी शास्त्रज्ञ आणि चौथी कृष्णवर्णीय बाई भुयारी रेल्वेत काम करणारी. ३२ वर्षांत पुरुषांच्या बाया झाल्या, पण हे मात्र बदललं नाही.

जुन्या नटांचं नव्यात येणं-जाणं आहे. बिल मरे भुतांवर विश्वास नसलेला तज्ज्ञ, ॲक्रॉइड टॅक्सीवाला, हडसन लेस्ली जोन्सचा काका, वीव्हर शेवटाकडे. रॅमिस २०१४ मध्ये गेला, म्हणून विद्यापीठाच्या बोळात त्याचा अर्धपुतळा. प्रत्येक वेळी सिनेमा क्षणभर थांबतो, टाळ्यांसाठी. पहिल्या रात्री आमच्याकडे कोण टाळ्या वाजवणार? म्हातारा आला, काहीतरी बोलला, गेला. दुसऱ्या रात्री मात्र जुना सुरू झाल्यावर पोट्टे ओरडले, "अरे, हा तं टॅक्सीवाला! जवान होता तवाचा!" जुन्याला अशा उसन्या ओळखीची गरज नव्हती, ती फुकटात मिळाली.

वेळेचं म्हणाल तर जुना १०५ मिनिटांचा, नवा ११६. अकरा मिनिटांचाच फरक, पण थंडीत नव्याच्या शेवटच्या मारामारीला निम्मे लोक गोधडीत शिरले होते. पैशाचा हिशेब हवा असेल तर तोही मजेशीर आहे. १९८४ मध्ये जुन्यानं एकट्या अमेरिका-कॅनडात सुमारे २२.९ कोटी डॉलर कमावले. २०१६ मध्ये नव्यानं जगभरातून मिळून सुमारे तेवढेच, आणि त्याचा नुसता निर्मितीखर्चच १४.४ कोटी. नव्याचा पुढचा भाग आला नाही यात नवल नाही. २०२१ मध्ये राइटमनच्याच मुलानं, जेसननं, गोष्ट पुन्हा जुन्याच्या धाग्याला जोडली. ती तर शेतावरच घडते. आजोबा मेल्यावर नातवंडांच्या वाट्याला ओसाड शेत आणि मोडकं घर येतं. आपल्याकडच्या लोकांना ते घर ओळखीचं वाटेल, पण जुना पाहिल्याशिवाय त्यातलं अर्धं कळणार नाही. त्यामुळे एकाच रात्रीसाठी तो बाद.

तर आतेभावाला दिलेलं उत्तर: जुना. म्हातारे असतील तर जुनाच, आणि दुभाषा तू स्वतः असशील तर स्वतःच्या घशासाठीही जुना. फक्त दहा-बारा वर्षांच्या पोरी जास्त असतील आणि दुसरी रात्र मोकळी असेल, तर तेव्हा नवा लाव. पहिल्या रात्री नको.

आमच्याकडे दुसऱ्या रात्रीनंतरच्या सकाळी मी तोंड धूत होतो. पुतण्याची पोरगी खोक्यातून काढलेला कोरा फवारणीचा पंप पाठीला बांधून कोठ्यामागून आली. डोळ्यांवर वेल्डिंगचा चष्मा, केसांचा वर बुचडा, अगदी त्या यंत्रवालीसारखा. तनसाच्या ढिगावर नळी रोखून उभी. आजी गोठ्यातून शेणाची टोपली घेऊन येत होती, ती थांबली.

"काय धरून रायली व?"

"भूत."

"धरलं तं पैशे किती घेशीन?"

पोरीनं नळी खाली केली. "पाच हजार. नाई देशीन तं गोठ्यात सोडतो."